सेंट पॉल, मिनेसोटा: ह्मोंग बाजार, करेन उपासना आणि चर्चचं तळघर

ऑक्टोबरमधे भाचीकडे मिनेसोटाला जाऊन आले. परत आल्यावर नगरच्या आमच्या चर्चमधे जो तो विचारतोय काय काय बघितलंस, तर नायगारा बियगारा काही बघितला नाही, तो तिथनं फार लांब आहे. मला बघायचं होतं सेंट पॉल. मिनियापोलिसला चिकटूनच असलेलं राज्याचं राजधानीचं गाव, आणि तिथं लाओसमधून आलेले ह्मोंग आणि बर्मातून आलेले करेन एवढ्या संख्येने राहतात की काही भागात दुकानाच्या पाट्या वाचून आपण अमेरिकेत आहोत हेच विसरायला होतं. या लोकांमधे तिथल्या चर्चांनी गेली पन्नास वर्षं काम केलंय. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनमधलं, पणजोबांचा बाप्तिस्मा दुष्काळाच्या काळातला, त्यामुळे "पोटासाठी बाटले" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. म्हणून हेच काम दुसऱ्या कुणावर होतं तेव्हा कसं दिसतं हे डोळ्यांनी बघायचं होतं, बाकी काही नाही.

शुक्रवार – युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यू

जावई म्हणाले गाडीने सोडतो, पण मी हट्टाने ग्रीन लाइनने गेले. ही मेट्रोसारखी रेल्वे 2014 साली सुरू झाली, मिनियापोलिसवरून निघून युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूच्या मधोमध धावत सेंट पॉलच्या युनियन डेपोपर्यंत जाते. वेस्टर्न अॅव्हेन्यूच्या स्टॉपला उतरा, तो भाग लिटल मेकाँग. व्हिएतनामी, ह्मोंग, लाओ, थाय सगळं एकाच रस्त्यावर.

तिथंच ह्मोंग कल्चरल सेंटरचं छोटं म्युझियम आहे, छोटं म्हणून टाळू नका. भिंतीवर भरतकाम केलेले मोठे कापडी पट आहेत, पुढे जाऊन बारीक बघितलं की कळतं हे नुसतं डिझाइन नाहीये, खाली झाडीत सैनिक, वर विमानं, मधे निळी नदी आणि त्या नदीत बांबूच्या मोळ्या धरून पोहणारी माणसं, अगदी नखाएवढी, पण एका बाईच्या पाठीवर बांधलेलं पोर सुद्धा टाक्यात दिसतं. नदी म्हणजे मेकाँग. लाओसमधे अमेरिकेच्या सीआयएने ह्मोंग जनरल वांग पाओच्या हाताखाली ह्मोंग लोकांना कम्युनिस्टांशी लढायला लावलं, जगापासून लपवून, आणि मे 1975 मधे लाँग चेंगच्या तळावरून विमानं थोड्याच लोकांना घेऊन गेली. बाकीचे जंगलातून चालत, नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांमधे.

तिथून अमेरिकेत येताना नियम असा की कुणीतरी स्पॉन्सर पाहिजे. घर बघायचं, थंडीचे कोट आणायचे, पोरांना शाळेत घालायचं, नोकरी शोधायची. आणि हे स्पॉन्सर बहुतेक वेळा कोण, तर चर्च. मिनेसोटा म्हणजे लुथरन आणि कॅथलिकांचा गड, त्यामुळे तिथं हे फार झालं.

म्युझियममधे एक तरुण मुलगी होती, कॉलेजात शिकणारी, तिला मी सरळच विचारलं की तुमच्या घरच्यांना ह्या चर्चवाल्यांबद्दल काय वाटतं. ती आधी हसली. मग म्हणाली, आमचे आजोबा त्सी नेंग होते. म्हणजे आपल्याकडचे देवऋषी समजा, आजारी माणसाचा हरवलेला आत्मा बोलावून आणणारे. दर रविवारी सकाळी स्पॉन्सरची व्हॅन दारात यायची आणि सगळं घर चर्चला जायचं, यायचंय का असं कुणी विचारलंच नाही, आणि नाही म्हणायचं असतं हे आजोबांनाही माहीत नव्हतं, ज्यांनी हीटर लावून दिला त्यांना नाही कसं म्हणणार. मागच्या बाकावर बसायचे. घरची गाडी आली त्या दिवसापासून आजोबांनी चर्च बंद केलं. आजी मात्र जात राहिली, अजून जाते.

मला आजोबांचं पटलं आणि आजीचंही पटलं, काय करणार.

तिच्याकडूनच कळलं की ह्मोंग भाषा आज ज्या रोमन अक्षरात लिहितात ती पद्धत पण 1950 च्या दशकात लाओसमधे मिशनऱ्यांनीच बसवली, एक फ्रेंच कॅथलिक फादर आणि दोन अमेरिकन प्रोटेस्टंट एकत्र येऊन. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका टेबलावर, हे नगरला सांगितलं तर अजून कुणाचा विश्वास बसत नाही! आणि आज हीच अक्षरं जुना धर्म पाळणारे लोकही वापरतात, त्यांचे विधी लिहून ठेवायला.

दुपारी त्याच रस्त्यावर फो, म्हणजे व्हिएतनामी शेवयांचं सूप, खाल्लं. एक वाडगा दोघींना पुरतो, लहान सांगा.

शनिवार – बाजार, एक जुनं चर्च आणि परत बाजार

सकाळी सातला पारा चार डिग्री, वारा असा की कानाची पाळी आहे की गेली ते चाचपून बघावं लागतं. सेंट पॉलचा शेतकरी बाजार लोअरटाउनमधे भरतो, युनियन डेपोपासून चालत पाच मिनिटं. तिथं भाजी विकणाऱ्यांमधे ह्मोंग शेतकरी खूप. आणि भाजी काय तर कारली, गवती चहाच्या जुड्या, लाल हिरव्या बारक्या मिरच्या, कोथिंबीर, भोपळे. एका मावशींनी मला कारलं हातात घेऊन उलटंपालटं करताना बघितलं आणि खुणेनेच विचारलं, कसं करतेस? मी खुणेनेच चिरून, मीठ लावून, पिळून दाखवलं. त्यांनी मान हलवली, हे चूक, आणि डुकराचं मटण घालून उकळायचं असं मुलाकडून इंग्रजीत सांगवलं. पिळून टाकलं तर कडूपणा जाईल ना, मग कारलं कशाला घ्यायचं, असं म्हणे.

टीप: ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर हातमोजे आणि कान झाकणारी टोपी घ्याच, आणि सुटे डॉलर ठेवा.

तिथून वाकूटा स्ट्रीटवर फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची जुनी इमारत बघितली, बाहेरूनच. ही मंडळी 1849 ची, सुरू करण्यात हॅरिएट बिशप नावाच्या शिक्षिकेचा हात, आणि इमारत 1875 ची. करेन लोक सेंट पॉलला यायला लागले तेव्हा त्यांनी शोधत शोधत हे चर्च गाठलं, कारण करेन लोकांमधे बॅप्टिस्ट (मोठेपणी समजून उमजून बाप्तिस्मा घेणारे प्रोटेस्टंट) पिढ्यानपिढ्या आहेत. म्हणजे अमेरिकेने एकोणिसाव्या शतकात जे तिकडे पाठवलं होतं ते माणसांच्या रूपाने परत येऊन दार वाजवायला लागलं. त्यावर उद्या लिहिते.

दुपारी हवा जरा बरी झाली आणि आम्ही जॉन्सन पार्कवेवरच्या ह्मोंग व्हिलेजला गेलो. बाहेरून गोडाऊन, आत मात्र शेकडो गाळे, कपडे, औषधी मुळ्या, डीव्हीडी, चांदीचे दागिने, एका बाजूला सगळी खाण्याची रांग. कोंबडीचे पंख हाड काढून आत शेवया आणि भाजी भरून तळलेले मिळतात, ते खाच. जांभळा चिकट भात. पपईची कोशिंबीर समोर खलबत्त्यात कुटून देतात, मी म्हणलं तिखट कर, मी महाराष्ट्राची आहे, त्या पोरीला महाराष्ट्र कुठे माहीत असणार पण तिने माझं तोंड बघून पाच मिरच्या टाकल्या आणि पुढची दहा मिनिटं मी नारळाच्या दुधातल्या साबुदाण्याच्या थंड पेयावर काढली. जावई खूश.

टेबलावर जागा नव्हती म्हणून एक साठीचे गृहस्थ आणि त्यांच्या मिसेस आमच्याशेजारी बसले. ते ह्मोंग अलायन्स चर्चचे. ही अलायन्स मंडळी, म्हणजे अमेरिकेतलं एक प्रोटेस्टंट मिशन, लाओसमधे ह्मोंगांकडे 1950 च्या सुमाराला झिएंग ख्वांग प्रांतात पोचली, आणि सगळ्यात आधी सुवार्ता सांगणारा गोरा माणूस नव्हता, खमू जमातीचा एक स्थानिक तरुण होता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. "लोकांना वाटतं आम्हाला अमेरिकेने ख्रिस्ती केलं. आमच्यातले बरेच तिकडूनच ख्रिस्ती होऊन आले." मी म्हणलं आमच्याकडे पण असंच आहे, गावोगाव फिरणारे सगळे मराठी प्रचारकच होते, साहेब फक्त फोटोत मधे बसायचा.

मग विषय निघाला मयतीचा. ह्मोंगांमधे खरी ओढाताण तिथं होते. जुन्या पद्धतीची मयत तीनचार दिवस चालते, केंग नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य आणि ढोल सतत वाजतो, त्या वाजण्यातून मेलेल्याला वाट सांगतात, जिथं जिथं राहिला ती गावं उलट्या क्रमाने, थेट जन्मगावापर्यंत. जनावर कापतात. ख्रिस्ती भाऊ असेल तर तो या विधीत उभा राहत नाही, आणि नाही राहिला तर कुळाची माणसं आयुष्यभर बोलतात. ह्या गृहस्थांचे वडील जुन्या धर्मातच गेले, मोठ्या भावाने सगळं रीतसर केलं. पाळकांनी यांना बजावलं होतं, विधीला उभं राहू नकोस. मग तुम्ही काय केलंत विचारलं.

"भांडी घासली," म्हणाले. "तीन दिवस, रात्रंदिवस. चारशे माणसं जेवत होती. भांड्यांबद्दल पाळक काही बोलले नव्हते."

मिसेस म्हणाल्या, "हात सोलून निघाले होते." आणि त्यांच्या ताटातला पंख काढून माझ्या ताटात ठेवला. भाऊ बोलतो का अजून, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात मागून एक माणूस आला आणि यांच्या खांद्यावर थाप मारून ह्मोंगमधे काहीतरी ओरडून पुढे गेला. "हाच तो," म्हणाले.

रविवार – करेन उपासना

भाचीच्या ऑफिसातल्या एकीची ओळख, तिने नेलं. ईस्ट साइडला एक जुनं अमेरिकन चर्च आहे, त्यात सकाळी इंग्रजी उपासना होते आणि दुपारी करेन मंडळी तीच जागा वापरते. आम्ही मुद्दाम लवकर गेलो. सकाळच्या उपासनेला वीसपंचवीस डोकी, सगळी पांढरी, सगळ्यात तरुण माणूस म्हणजे ऑर्गन वाजवणारा, तोही पन्नाशीचा. प्रेमळ लोक, कॉफी दिली, कुठून आलात विचारलं. मग बाराला दार उघडलं आणि पोरंच पोरं. लाल विणलेले सदरे घातलेले पुरुष, पांढरे लांब झगे घातलेल्या मुली (लग्न न झालेल्या मुलींचा तो पोशाख), बाळं, आज्या. पार्किंग भरलं. त्या सकाळच्या पांढऱ्या डोक्यांपैकी काही थांबले होते, एक आजोबा दारात उभं राहून पोरांची डोकी मोजल्यासारखी थोपटत होते.

भाषा एक अक्षर कळली नाही, पण गायन! चार सुरात, पुस्तकाकडे न बघता, तरुण पोरं बेस गातायत. तिसरं गीत सुरू झालं आणि चाल आमचीच निघाली, मी मराठीत गायला लागले, कुणाला काही फरक पडला नाही.

उपासना दोन तास चालली. टीप: सगळ्यांना चालेल अशी जागा मागच्या बाजूला धरा, पोरं आतबाहेर करतातच. फोटो विचारून काढा, बरेच जण निर्वासितांच्या छावणीतून आलेत आणि काहींचे नातेवाईक अजून तिकडेच आहेत, त्यांना चेहरा नेटवर नको असतो.

जेवण तळघरात. आणि इथं मला खरा धक्का बसला, भाताशेजारी जी पालेभाजी वाढली ती अंबाडी! सुके झिंगे आणि बांबूचे कोंब घालून केलेली, पण अंबाडीच, तोच आंबटपणा. मिनेसोटात अंबाडी कुठून आली विचारलं तर एका बाईने मोबाइलमधे फोटो दाखवला, चर्चने मागची हिरवळ भाजीच्या वाफ्यांना दिलीय, तिथं लावतात, उन्हाळ्यात छातीपर्यंत येते म्हणे, आणि थंडी पडायच्या आत पाला तोडून फ्रीझरमधे भरतात. मी सांगितलं आम्ही भाकरीबरोबर खातो. शेजारी मासळीची वाटलेली चटणी होती, वास बोंबलाच्या वरताण, चव मात्र बेफाम.

जेवल्यावर एक म्हातारे काका खिशातून डबी काढून बसले. पान, चुना, सुपारी. आमच्या आजोबांची हीच डबी. अडकित्ता नव्हता एवढंच. मला देऊ केलं, मी घेतलं, भाची डोळे वटारून बघत होती.

काकांची मुलगी मधे बसून भाषांतर करत होती. मी इंडियातून आले म्हणल्यावर काका म्हणाले, "जडसन!" अडोनायरम जडसन, बर्मातला पहिला अमेरिकन मिशनरी, करेन पोरांना तो नावाने पाठ आहे. आता इथं मला माझं ज्ञान पाजळायची संधी मिळाली. 6 फेब्रुवारी 1812 ला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात पाच तरुणांना एकाच दिवशी दीक्षा मिळाली आणि ते इंडियाला निघाले. त्यातला एक जडसन, आणि दुसरे दोघं गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट. जडसन बोटीवर बाप्तिस्म्याबद्दल वाचत वाचत बॅप्टिस्ट झाला, कलकत्त्यात वेगळा झाला आणि 1813 ला रंगूनला गेला. हॉल आणि नॉट त्याच वर्षी मुंबईला पोचले आणि आमचं अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. म्हणजे काका, तुमचे आणि आमचे मिशनरी एकाच दिवशी पाळक झाले होते. मुलीने भाषांतर केल्यावर काका एवढे हसले की पानाचा तोबरा सांभाळावा लागला. मग ते आख्ख्या टेबलाला सांगत सुटले, ही बाई आमच्या नात्यातली आहे.

त्यांनी मला को था ब्यूची गोष्ट सांगितली. पहिला करेन ख्रिस्ती, 1828 चा बाप्तिस्मा. आधी दरोडेखोर, खूनही केलेले, कर्जापायी गुलाम झालेला, जडसनने पैसे भरून सोडवला. पुढे तोच डोंगरात फिरून करेन गावांमधे सांगत सुटला. आणि करेन लोकांकडे आधीपासून गोष्ट होती की आपलं एक पुस्तक हरवलंय आणि गोरा भाऊ ते परत आणणार आहे. काका म्हणाले, "आम्ही वाटच बघत होतो."

मुलगी मात्र शेवटचं वाक्य भाषांतर करून झाल्यावर स्वतःचं बोलली, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. सगळे करेन ख्रिस्ती नाहीत, तिकडे बौद्धच जास्त आहेत. 1994 च्या डिसेंबरमधे करेन सैन्यातले बौद्ध सैनिक फुटले, वरचे सगळे अधिकारी ख्रिस्ती आणि मरायला आम्ही, असा त्यांचा राग होता. बर्माच्या लष्कराने त्याचा फायदा घेतला आणि पुढच्या महिन्यात मानेरप्लॉ हे करेनांचं मुख्य ठाणं पडलं. तिचा जन्म त्यानंतरचा, माए ला छावणीतला, थायलंडच्या सीमेवर. "म्हणून इथं आम्ही चर्चमधे भात वाटतो तेव्हा कुठल्या धर्माचा विचारत नाही. बौद्ध करेन पण येतात, भात घेतात, जातात." मी विचारलं पाळकांना चालतं? "पाळकांच्या बायकोचा भाऊ बौद्ध आहे," म्हणाली.

सोमवार – तळघर, परत एकदा

आज दुसऱ्या एका लुथरन चर्चच्या तळघरात. इथं दर सोमवारी सकाळी इंग्रजीचा वर्ग चालतो, पण मला आवडलं ते कोपऱ्यातलं टपालाचं टेबल. लोक आठवड्याभराचं टपाल पिशवीत घालून आणतात. एक निवृत्त शाळामास्तरीण बाई, सत्तरीच्या पुढच्या, तीन ढीग करतात: भरायचं, उत्तर द्यायचं, फेकायचं. समोर एक करेन आजी बसलेली, तिच्या पिशवीतून विजेचं बिल, नातवाच्या शाळेचं पत्र, आणि एक चकचकीत पाकीट, त्यावर मोठ्या अक्षरात तुम्ही जिंकलात. आजीने तेच सगळ्यात जपून, प्लॅस्टिकमधे घालून आणलेलं. बाईंनी ते उघडलं, आजीला दाखवलं, आणि तिच्या हातात देऊन कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. आजीने स्वतः टाकलं, मग परत काढून आतला रंगीत कागद तेवढा ठेवला, नातवाला म्हणे.

बाईंना मी विचारलंच, यातले किती जण तुमच्या चर्चचे सभासद झाले. त्या म्हणाल्या माझ्या टेबलावरचा एकही नाही. मग कमिटी काही म्हणत नाही का? "दरवर्षी म्हणते." आणि पुढचं पाकीट फोडलं.

मला वाटतं त्या व्हॅनपेक्षा हे टेबल बरं. प्रचारच करू नये असं मी म्हणणार नाही, मी कशी म्हणेन, पण हीटर लावून देणारा आणि रविवारी न्यायला येणारा एकच माणूस असला की समोरच्याचं हो हे खरं हो नसतं. शुक्रवारच्या त्या आजी गाडी आल्यावरही जात राहिल्या, त्यांचं हो खरं.

एक गोष्ट तिथं सगळ्यांच्या बोलण्यात होती. 2025 च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने निर्वासित घेण्याचा कार्यक्रम थांबवला आणि पुनर्वसन संस्थांचा निधीही अडकला. म्हणजे छावणीत ज्यांची कागदपत्रं पूर्ण झाली होती ते तिथंच राहिले, आणि इकडे त्यांच्यासाठी जमवलेल्या गाद्या, कुकर, पोरांचे कोट ह्या तळघरात कपाटात पडून. एका दारावर कुटुंबाच्या मापाप्रमाणे बुटांच्या जोड्या लावून ठेवल्यात. काढायच्या नाहीत असं कमिटीने ठरवलंय, त्यावर मात्र एकमत.

जाणाऱ्यांसाठी राहिलेल्या टिपा: रविवारच्या उपासनेला पाहुणे चालतात पण आधी कुणाला तरी फोन करून जा, जेवायला थांबवतातच, तेव्हा बिस्किटं फळं काहीतरी न्या. ह्मोंग बाजारात भाव करत बसू नका, तसा रिवाज दिसला नाही. फ्रॉगटाउनमधे सेंट अॅडलबर्ट नावाचं पोलिश लोकांनी बांधलेलं कॅथलिक चर्च आहे, आता तिथं व्हिएतनामी मिस्सा होते, मला वेळ मिळाला नाही, तुम्ही जा. आणि ह्मोंग चर्चवाले पैसे जमवायला एग रोल विकतात, डझनावर, गरम गरम, पण ऑर्डर दोनतीन दिवस आधी द्यावी लागते, भाचीने सोमवारी फोन केला तर बुधवारची वेळ मिळाली आणि माझं विमान मंगळवारी होतं. जावयांनी खाल्ले, फोटो पाठवला.